‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ’: बातमीतला आकडा कसा वाचायचा?

सप्टेंबरच्या आसपास नागपूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी आता दरवर्षी ठरलेली असते. ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत नागपूरचे इतके प्राध्यापक.’ मग संस्थेच्या फाटकावर फ्लेक्स लागतो, फोटोखाली ‘एच-इंडेक्स’, ‘सायटेशन’, ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ असे शब्द येतात, आणि वाचणाऱ्याच्या मनात साधे प्रश्न उरतात. दोन टक्के म्हणजे कशाचे? मोजले कोणी? एच-इंडेक्स चाळीस असलेला डॉक्टर बारा असलेल्या डॉक्टरपेक्षा हुशार का?

हे सगळे मोजमाप शाळेच्या गणिताच्या पलीकडचे नाही. खरी गोम मोजण्यात नसून काय मोजले यात आहे. इथे जैववैद्यकीय संशोधनापुरतेच बोलू, म्हणजे औषधे, रोग, पेशी, रक्त, जंतू यांच्यावर काम करणाऱ्यांबद्दल.

सायटेशन म्हणजे फक्त एक नोंद

संशोधक आपले काम शोधनिबंधात, म्हणजे पेपरमध्ये मांडतो आणि जर्नलकडे, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाकडे पाठवतो. तिथे त्याच विषयातले दोन-तीन जाणकार तो तपासतात, दुरुस्त्या सुचवतात आणि मग तो छापला जातो. प्रत्येक पेपरच्या शेवटी आधीच्या कामांची यादी असते. त्या यादीत तुमच्या पेपरचे नाव आले की तुमच्या खात्यात एक सायटेशन जमा होते.

नाव कशासाठी घेतले, हे कोणी विचारत नाही. पायाभूत काम म्हणून घेतले, पद्धत उचलली म्हणून घेतले, चूक दाखवायला घेतले किंवा यादी भरगच्च दिसावी म्हणून घेतले, तरी नोंद एकच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड यांचा गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा पेपर आला. तो २०१० मध्ये मागे घेण्यात आला, पण त्याला हजारोंनी सायटेशन आहेत आणि त्यातली बहुतेक त्याला खोडून काढणारी आहेत. भांडणात वारंवार नाव निघणे आणि सत्कारात नाव निघणे हिशेबाच्या वहीत सारखेच.

सर्वाधिक सायटेशन मिळालेला पेपर १९५१ चा, ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा. द्रावणात प्रथिने किती आहेत हे मोजण्याची रीत त्यात सांगितली आहे. त्याला तीन लाखांवर सायटेशन आहेत. त्याने कुठला रोग बरा केला नाही, पण स्वयंपाकघरातल्या मापाच्या वाटीसारखा तो प्रत्येक प्रयोगशाळेत लागत राहिला. सायटेशन उपयोग दाखवते, तेही लिहिणाऱ्यांनी केलेला उपयोग. एखादा पेपर वाचून वॉर्डातल्या डॉक्टरने डोस बदलला आणि रुग्ण वाचला, तर त्याची नोंद कुठेच होत नाही.

एच-इंडेक्स: संत्र्याच्या बागेचा हिशेब

काटोलकडची दहा झाडांची संत्र्याची बाग घ्या. झाड म्हणजे पेपर, फळ म्हणजे सायटेशन. सगळ्यात जास्त फळे असलेले झाड पहिले, अशी उतरती रांग लावा. समजा आकडे असे निघाले: १२०, ४५, ३०, १२, ९, ७, ६, ३, १, ०.

आता रांगेत चालत जा आणि प्रत्येक झाडापाशी विचारा, ‘या झाडाचा जो क्रमांक आहे, निदान तेवढी फळे त्याला आहेत का?’ सहाव्या झाडाला सात फळे आहेत, चालेल. सातव्याला सहाच आहेत, थांबा. या बागेचा एच-इंडेक्स ६. म्हणजे निदान सहा सायटेशन असलेले सहा पेपर.

ही युक्ती २००५ साली अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी काढली. एकच पेपर गाजला म्हणून कोणी मोठा ठरू नये आणि नुसत्या पेपरांच्या संख्येनेही ठरू नये, हा हेतू चांगला होता. पण वरच्याच बागेत तिची खोट दिसते. पहिल्या झाडाला आणखी दोनशे फळे लागली तरी एच-इंडेक्स सहाच राहील. उलट सातव्या झाडाला एकच फळ वाढले की तो सात होईल. पुढे सातवरून आठवर जायला सहाव्या, सातव्या आणि आठव्या झाडावर मिळून सात फळे लागतील.

कोणत्या पेपरला किती कमी पडते आहे, हे लेखकाला रोज दिसते. मग नव्या पेपरच्या यादीत आपलेच उंबरठ्यावरचे जुने पेपर घुसवले की काम होते. स्वतःचे आधीचे काम सांगणे गैर नाही. दहा वर्षे एकाच रोगावर काम करणारा आपल्याच पेपरांचा दाखला देणार. पण निम्मी सायटेशन घरचीच असतील तर शंका घ्यायला हवी.

दुसरे असे की एच-इंडेक्स कधी खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला, अगदी वारला, तरी तो वाढू शकतो. म्हणून पस्तिशीतल्या संशोधकाची साठीतल्या विभागप्रमुखाशी एच-इंडेक्सवर तुलना म्हणजे पाच वर्षांच्या बागेची तीस वर्षांच्या बागेशी तुलना. हिर्श यांनीही तो आकडा कारकिर्दीच्या वर्षांशी जोडूनच वाचला होता. त्यांच्या मते भौतिकशास्त्रात वीस वर्षांनंतर वीस हे यशस्वी संशोधकाचे लक्षण. जैववैद्यकात पेपर आणि संदर्भ दोन्ही जास्त असतात, त्यामुळे ही फूटपट्टी इकडे जशीच्या तशी लावता येत नाही.

गूगल स्कॉलर या पेपर शोधण्याच्या संकेतस्थळावर ‘आय-१०’ नावाचा आणखी एक आकडा दिसतो. दहा किंवा अधिक सायटेशन असलेले पेपर किती, एवढेच तो सांगतो. वरच्या बागेत तो ४.

इम्पॅक्ट फॅक्टर माणसाचा नसतो

‘माझा इम्पॅक्ट फॅक्टर पाच आहे’ असे कोणी म्हणाले तर वाक्यातच चूक आहे. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो. संदर्भांची सूची बनवण्याची कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली, त्यातूनच पुढे हा आकडा आला, आणि आता क्लॅरिव्हेट ही कंपनी तो दरवर्षी जूनच्या सुमारास जाहीर करते.

हिशेब असा: एखाद्या जर्नलने २०२२ मध्ये ६० आणि २०२३ मध्ये ४० लेख छापले. या शंभर लेखांना २०२४ या एका वर्षात २५० सायटेशन मिळाली. अडीचशे भागिले शंभर, म्हणजे २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर २.५. यातही एक फट आहे. भाजकात फक्त संशोधनपर आणि आढावा घेणारे लेख धरतात, पण संपादकीय आणि वाचकांच्या पत्रांना मिळालेली सायटेशन भाज्यात जमा होतात.

म्हणजे ही बागेची सरासरी. तुमचे झाड वांझ असले तरी सरासरी पाच असू शकते. सरासरी किती फसवते त्याचा नमुना ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलचा. २००८ मध्ये त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास होता, २००९ मध्ये जवळपास ५० झाला. कारण एकच लेख: स्फटिकांची रचना सोडवणाऱ्या एका संगणक-प्रणालीवरचा, जो ती वापरणारे सगळेच उद्धृत करत होते. बाकीचे लेख होते तिथेच होते. कोविडच्या काळात ‘लॅन्सेट’चा आकडा एका वर्षात ७९ वरून २०२ वर गेला आणि पुढे उतरला. त्या वर्षी तिथे कर्करोगावर लिहिणाऱ्यालाही २०२ ची झूल आपोआप मिळाली.

त्यातही नावात ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’, ‘सायंटिफिक’ असे शब्द जोडलेले इम्पॅक्ट फॅक्टर वेगळेच असतात. जर्नलकडून पैसे घेऊन असे आकडे देणारी दुकाने आहेत. क्लॅरिव्हेटच्या यादीत नाव नसेल तर तो इम्पॅक्ट फॅक्टर नव्हे.

एकाच माणसाचे तीन आकडे का?

एकाच प्राध्यापकाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर २८, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशनच्या सूचींवर अनुक्रमे २१ आणि १८ दिसू शकतो, आणि तिन्ही बरोबर असू शकतात. गूगल स्कॉलर प्रबंध, छपाईपूर्व मसुदे, परिषदेतली टिपणे असे सगळे मोजते. बाकी दोघे निवडक जर्नलेच मोजतात. म्हणून दोन माणसांची तुलना करताना आकडे एकाच ठिकाणचे हवेत, आणि अर्जात आकड्यासोबत ठिकाण व तारीख लिहायला हवी. निवड समित्यांत निम्मे वाद इथेच मिटतील.

वैद्यकीय पेपर शोधण्याच्या ‘पबमेड’ या संकेतस्थळाबद्दलही घोटाळा आहे. ‘पबमेड इंडेक्स्ड’ हा शब्द सर्रास वापरला जातो, पण पबमेडमध्ये मेडलाइन या सूचीतली निवडक जर्नले असतात, तसे पबमेड सेंट्रल या साठ्यात नुसते जमा झालेले लेखही असतात. एखादा लेख तिथे सापडला म्हणून जर्नल मेडलाइनमध्ये आहे असे होत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण: नावे. आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव या मराठी रचनेपुढे परदेशी जर्नले गोंधळतात आणि कधी मधल्या नावालाच आडनाव करून टाकतात. ‘देशमुख एस.’ किंवा ‘मेश्राम पी.’ या नावाने शोधा, डझनभर माणसांचे पेपर एकत्र निघतील. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टर बाईंचे काम दोन खात्यांत वाटले जाते आणि दोन्हीकडे एच-इंडेक्स तोकडा दिसतो. संस्थांच्या नावांचेही तेच. गावात ज्याला आपण ‘मेडिकल’ म्हणतो ते पेपरांवर कधी जीएमसी, कधी गव्हर्न्मेंट मेडिकल कॉलेज असते. ‘मेयो’ कुठे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असते, कुठे नुसत्या आद्याक्षरांत. नागपूर विद्यापीठाच्या नावात २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव जोडले गेले, त्यामुळे जुने-नवे पेपर दोन नावांखाली सापडतात.

यावर उपाय ऑर्किड (ORCID) या संशोधकाच्या ओळख-क्रमांकाचा. सोळा अंकांचा हा क्रमांक फुकट मिळतो, जन्मभर तोच राहतो आणि पेपरसोबत जोडता येतो. तो आज काढून जुने पेपर जोडायला एक दुपार लागते. स्कोपसमध्ये दोन खाती झाली असतील तर ती एकत्र करण्याची विनंतीही लेखक स्वतः करू शकतो.

पेपर नेमका कोणाचा?

जैववैद्यकात नावांच्या क्रमाला अर्थ असतो. पहिले नाव साधारणपणे ज्याने प्रत्यक्ष काम केले त्याचे, शेवटचे ज्याच्या मार्गदर्शनाखाली आणि निधीवर काम झाले त्याचे. मधली नावे मदतीची असतात, मग ती मदत नमुने देण्याची असो की सांख्यिकीची. पत्रव्यवहार ज्याच्याकडे असतो तो जबाबदार लेखक. म्हणूनच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांत बढतीसाठी पहिल्या तिघांत नाव किंवा पत्रव्यवहाराची जबाबदारी अशी अट होती.

सायटेशनच्या वहीत मात्र पहिला आणि तीनशेवा लेखक सारखेच. जगभरच्या रोगभाराचा अंदाज बांधणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या प्रकल्पाचे पेपर पाहा. एकेका पेपरवर शेकडो नावे असतात आणि सायटेशन हजारोंनी. अशा पाच-दहा पेपरांत सहभागी असलेल्याचे एकूण सायटेशन दोन-तीन वर्षांत झपाट्याने फुगते. यात लबाडी नाही, सहभाग खरा असतो. पण तो आकडा पाहून ‘याने हे शोधले’ असे कोणी म्हणू नये.

सिकलसेलवर काम करणारा मागे का दिसतो?

कर्करोगावर जगात लाखो माणसे लिहितात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर त्यामानाने मूठभर, आणि विदर्भातल्या रुग्णांच्या रक्तावर लिहिणारे त्याहून थोडे. उद्धृत करायला माणसेच कमी असतील तर सायटेशन कुठून येणार? गोंडखैरीसारख्या गावच्या आठवडी बाजारातला आणि नागपूरच्या गजबजलेल्या सीताबर्डीतला दुकानदार यांची कुवत नुसत्या गिऱ्हाईकांच्या संख्येवर ठरवावी तसे हे होते. केंद्राने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केले. त्यात तपासणी, समुपदेशन, औषधे यांबाबत स्थानिक अभ्यासच कामी येतात, आणि तेच अभ्यास या आकड्यांत दिसत नाहीत.

ही विषमता काही अंशी दुरुस्त करता येते. पेपरची तुलना त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांशी करायची. स्कोपस असा एक आकडा देते ज्यात जगाची सरासरी १ धरलेली असते, १.८ म्हणजे सरासरीहून ८० टक्के जास्त. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेचे ‘आयसाइट’ हे साधन फुकट आहे. पबमेड क्रमांक टाकला की जवळच्या विषयातल्या पेपरांच्या तुलनेत तो कुठे बसतो हे ते सांगते. एच-इंडेक्सपेक्षा हे आकडे कितीतरी प्रामाणिक आहेत, तरी बायोडाट्यात क्वचितच दिसतात.

‘पण यादी तर स्टॅनफर्डची आहे ना?’

यादी जॉन इओनिडिस आणि सहकाऱ्यांची. ते स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक आहेत, म्हणून माध्यमांनी तिला स्टॅनफर्डचे नाव दिले. आकडेवारी एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपसमधून येते. तिच्यासाठी कोणी अर्ज करत नाही, कोणती समिती बसत नाही, कोणी पेपर वाचत नाही. संगणक मोजतो आणि तक्ता बनतो. ‘स्टॅनफर्डने गौरविले’ ही बातमी म्हणून चुकीची, ‘यादीत नाव आले’ ही बरोबर.

निदान पाच पेपर असलेल्यांमधून ही निवड होते. विषय २२ आणि उपविषय १७४. आपापल्या उपविषयात वरच्या दोन टक्क्यांत असलेला किंवा एकूण पहिल्या एक लाखात असलेला आत येतो. यादीत दोन लाखांहून अधिक नावे आहेत. क्रमासाठी सहा विषयांच्या गुणपत्रिकेसारखा हिशेब असतो: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार कमी केलेला एच-इंडेक्स, आणि मग पेपरांच्या सायटेशनचे तीन आकडे: फक्त एकट्याने लिहिलेल्या, एकट्याने किंवा पहिल्या नावाने लिहिलेल्या, आणि एकट्याने, पहिल्या किंवा शेवटच्या नावाने लिहिलेल्या. शेवटचे तीन मुद्दाम ठेवले आहेत, मधल्या नावांनी फुगलेला माणूस तिथे मार खातो. म्हणून ही यादी नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा शहाणी आहे. दोष यादीत कमी आणि मथळ्यात जास्त आहे.

‘मग आकडे फेकूनच द्यायचे का?’

नाही. दहा वर्षे पगार घेऊन एकही पेपर न लिहिणारा आणि चाळीस पेपर असूनही कोणी न वाचलेला, या दोघांना आकडे उघडे पाडतात. फक्त उलट अनुमान निघत नाही: कमी सायटेशन म्हणजे कमी दर्जा असे ठरत नाही.

कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. कॉलऱ्याचे जंतू गाळून काढून टाकलेला नुसता द्रव सशाच्या आतड्यात सोडला तरी आतड्यात पाणी साचते, हे त्यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’ या जर्नलमध्ये दाखवले. म्हणजे जंतू विष सोडतात आणि माणूस त्या विषाने कोरडा पडतो. पुढचे कॉलरा-संशोधन या पायावर उभे राहिले, पण सुरुवातीची काही वर्षे तिकडे फारसे कोणी पाहिले नाही. डे १९८५ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कामाचा मोठेपणा मांडणारा लेख लिहिला तो गारफील्ड यांनी, म्हणजे सायटेशन मोजण्याचा उद्योग ज्यांनी सुरू केला त्यांनीच. आकड्यांसोबत कामही पाहिले, तरच असा मोठेपणा दिसतो.

‘पैसे देऊन छापले म्हणजे बोगसच ना?’

तसे नाही. वाचकाला फुकट मिळणाऱ्या अनेक चांगल्या जर्नलांत लेखकाकडून शुल्क घेतात, नामवंत ठिकाणी ते काही हजार डॉलरही असते. खूण शुल्कात नसून तपासणीत आहे. ‘पाच दिवसांत स्वीकृती’ असा ईमेल, हृदयरोगापासून स्थापत्यशास्त्रापर्यंत सगळे छापणारे एकच जर्नल, संपादक मंडळावर माहितीशिवाय टाकलेली नावे, असे काही दिसले की दूर राहावे. नाव मुक्त जर्नलांच्या ‘डीओएजे’ सूचीत आहे का आणि मेडलाइनमध्ये सध्या घेतले जाते का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात.

एखाद्याची कारकीर्द स्वतः तपासायची तर

बातमीतले नाव घ्या आणि ऑर्किडवर शोधा, म्हणजे माणूस तोच आहे हे पक्के होईल. मग सर्वाधिक सायटेशनचे पाच पेपर काढा आणि प्रत्येकात त्याचे नाव कितवे आहे ते पाहा. लेख मूळ संशोधनाचा आहे की आढाव्याचा हेही पाहा, कारण आढाव्याच्या लेखांना सायटेशन सहज जास्त मिळतात. पबमेडवर तेच पेपर उघडा. मागे घेतलेला असेल तर पानाच्या वरच ठळक सूचना असते. उद्धृत करणाऱ्यांपैकी चार-पाच लेख वाचा आणि त्यांनी त्याच्याबद्दल काय वाक्य लिहिले आहे ते पाहा. हे शेवटचे काम कंटाळवाणे आहे, पण सगळ्यात जास्त त्यातूनच कळते.

यादीसाठी बातमीवर थांबू नका, मूळ एक्सेल फाइल कोणालाही उतरवून घेता येते. त्यात दोन वेगळे तक्ते असतात, संपूर्ण कारकिर्दीचा आणि फक्त एका वर्षाचा. बातमीत हा फरक बहुधा गाळलेला असतो आणि एका वर्षाच्या तक्त्यात कोविडसारखी लाट माणसाला सहज वर उचलते. नावासमोर स्वतःच्याच सायटेशनची टक्केवारी दिलेली असते, आणि ती धरून व वगळून असे दोन क्रमांक असतात. ते दोन क्रमांक शेजारी ठेवून पाहा. २०२४ पासून मागे घेतलेल्या पेपरांची संख्या दाखवणारा रकानाही जोडला आहे. फ्लेक्स छापायला देण्याआधी तो रकाना उघडून बघावा.